पत्र्याखालची बॅटरी

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आहे, जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर. डोक्यावर पत्रा, त्याखाली पीओपी, आणि दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून थेट टेबलावर येणारं ऊन. जीएसटी आणि आयकराची कामं करतो. गुळाचे अडते, उद्यमनगरातले लेथवाले, दोन-चार सराफ अशी आमची मंडळी. महिन्याची ११ आणि २० ही जीएसटी रिटर्नची तारीख जवळ आली की लॅपटॉप सकाळी सुरू होतो तो रात्रीच बंद होतो. दिवसभर अडॅप्टर लावलेलाच असतो आणि लॅपटॉप टेबल सोडून क्वचितच हलतो.

साडेतीन वर्षं झाली आणि वळवाच्या पावसात वीज गेली की हा लॅपटॉप दगा द्यायला लागला. कोपऱ्यात ३४ टक्के दिसतायत, मी निवांत आकडे भरतोय, आणि स्क्रीन एकदम काळी. आधी इशारा नाही, काही नाही. वीज आल्यावर सुरू केला की पुन्हा ३० च्या वरचाच आकडा. म्हणजे चार्ज शिल्लक होता म्हणायचा, पण तो हाती लागत नव्हता. नवी बॅटरी टाकणं सोपं होतं. पण जुनी कशानं गेली हे न कळता नवी टाकली, तर तिचंही दोन-तीन वर्षांत तेच होणार आणि पैसे पाण्यात जाणार. म्हणून आधी कारण शोधायचं ठरवलं.

चौकशी केली तर प्रत्येकाचा सल्ला वेगळा. खालचा झेरॉक्सवाला म्हणाला, १०० झाले की लगेच पिन काढायची, नाहीतर ओव्हरचार्ज होते. एक सीए मित्र म्हणाला, अधूनमधून पार शून्यावर उतरू द्यायची, मग बॅटरी 'मोकळी' होते. बायको म्हणाली, त्यांच्या शाळेत लॅपटॉप रात्रभर लावूनच ठेवतात, काही होत नाही. तिघंही ठामपणे बोलत होते आणि तिघांचं एकत्र खरं असणं शक्य नव्हतं.

भाचा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीला घरी आला होता, त्याला लॅपटॉप दाखवला. त्यानं बॅटरीबद्दल एक अक्षर बोलायच्या आधी म्हटलं, "मामा, रिपोर्ट काढूया आधी. टक्क्यांवर जाऊ नका."

हा रिपोर्ट विंडोजमध्येच असतो आणि फुकट मिळतो, पण कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून टर्मिनल उघडायचं. त्यात इंग्रजीत पॉवर हा शब्द आणि त्याला जोडून सी, एफ, जी ही तीन अक्षरं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि रेघेला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा जोडशब्द लिहून एंटर मारायचं. लॅपटॉप एक फाइल तयार करतो आणि ती कुठे ठेवली तेही सांगतो. ब्राउझरमध्ये उघडली की वरच तीन ओळी महत्त्वाच्या. डिझाइन कपॅसिटी म्हणजे कंपनीतून निघताना बॅटरीत किती मावत होतं. फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती मावतं. आणि सायकल काउंट. सायकल म्हणजे एकदा पिन लावणं नव्हे. बॅटरीतून एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल धरतात. आज ४० आणि उद्या ६० वापरले तरी मिळून एकच.

माझ्या लॅपटॉपची डिझाइन कपॅसिटी ४२,००० मिलिवॉट-तास होती. आज मावत होतं २४,७०० च्या आसपास, म्हणजे ५९ टक्के. आणि सायकल काउंट फक्त ११८.

भाच्यानं स्वतःचा लॅपटॉप काढला. तो तीन वर्षांचा, होस्टेलवर सतत बॅटरीवर वापरलेला. त्याचा सायकल काउंट ४०० च्या पुढे गेलेला, आणि तरीही मूळच्या ८५ टक्के शिल्लक. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. ज्यानं बॅटरी तिपटीहून जास्त वापरली त्याची धडधाकट, आणि ज्यानं जवळजवळ वापरलीच नाही त्याची संपलेली. बॅटरी वापरानं झिजते एवढंच आपण धरून चालतो, पण इथे वापर हे कारण असूच शकत नव्हतं.

रिपोर्टच्या खालच्या भागात जुन्या नोंदी असतात, कोणत्या तारखेला किती मावत होतं याच्या. हे आकडे ढोबळ असतात, मागेपुढे होतात. पण वर्षावर वर्ष ठेवून पाहिलं तर माझ्या बॅटरीचा मोठा उतार मार्च ते जून याच काळातला होता. हिशेबाच्या माणसाला एवढा धागा पुरतो. मी वर पत्र्याकडे पाहिलं.

लिथियम-आयन बॅटरीचं काम समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट, निकेल अशा धातूंचं ऑक्साइड, मध्ये पातळ सच्छिद्र पडदा आणि द्रावण. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत जातात. ऑक्साइडचं हे तंत्र जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये दाखवलं, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये सुरक्षित बॅटरीचा नमुना केला आणि १९९१ मध्ये सोनीनं ती बाजारात आणली. या कामासाठी गुडइनफ, योशिनो आणि स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इतकी मोठी गोष्ट रोज मांडीवर घेऊन बसतो आणि तिच्याबद्दल झेरॉक्सच्या दुकानातल्या गप्पांपलीकडे काही माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ग्रॅफाइटवर द्रावणाशी होणाऱ्या क्रियेतून एक बारीक थर जमतो. तो लागतोही, कारण त्यानं आतलं ग्रॅफाइट सुरक्षित राहतं. पण हा थर वर्षानुवर्षं जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, तेवढी बॅटरी लहान होते. ही क्रिया लॅपटॉप वापरा किंवा नका वापरू, चालूच असते. ती दोन गोष्टींनी जोर धरते: उष्णता, आणि बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत सतत राहणं. पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज सगळ्यात जास्त असतो आणि त्या व्होल्टेजला आतलं रसायन सगळ्यात अस्वस्थ असतं. माझा लॅपटॉप वर्षाचे बाराही महिने १०० टक्क्यांवर आणि उन्हाळ्याचे महिने तापल्या पत्र्याखाली. दोन्ही एकत्र.

आता ३४ टक्क्यांचं. टक्क्यांचा आकडा बॅटरीच्या आत बसवलेली एक चिप ठरवते. किती करंट आत आला, किती बाहेर गेला, याची ती नोंद ठेवते आणि त्यावरून शिल्लक काढते. आमच्या भाषेत सांगायचं तर ती वहीतली शिल्लक असते, गल्ल्यातली रोकड नव्हे. बॅटरी कधी पूर्ण उतरलीच नाही तर वही आणि गल्ला यांचा मेळ कधी घातला जात नाही, आणि फरक वाढत जातो. शिवाय जुन्या सेलचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढलेला असतो. पंखा सुरू झाला, ब्राउझरमध्ये बऱ्याच टॅब उघडल्या की करंट वाढतो आणि सेलचा व्होल्टेज झटकन खाली बसतो. माझ्या बॅटरीत तीन सेल एकामागोमाग जोडलेले होते. संरक्षक सर्किट तिन्हींवर वेगवेगळी नजर ठेवतं आणि त्यातला सगळ्यात कमजोर सेल मर्यादेखाली गेला की सगळ्यांचा पुरवठा तोडतं. बाकीच्या दोघांत चार्ज असतो, पण तो मिळत नाही. माझं कोडं ते हेच.

लॅपटॉप राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. बोळातलं छोटं दुकान, पण माणूस हाताचा पक्का. त्यानं लॅपटॉप सुरूही केला नाही. काचेच्या टेबलावर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. लॅपटॉप डुलला.

"सर, टचपॅड दाबून बघा बरं."

दाबला. मधोमध कडक लागत होता.

"खालनं बॅटरी फुगलीया. आता हे चार्जिंगला लावू नका. घरी न्यायचं तर बंद करून न्या, न्हायतर इथंच ठेवा."

तिथेच उघडायला सांगितलं. त्यानं अडॅप्टर बाजूला काढून ठेवला, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय दिला, मग स्क्रू. प्रत्येक स्क्रू चुंबकाच्या पट्टीवर, ज्या जागेवरून काढला त्याच आकारात मांडत गेला, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू भलत्या जागी गेला तर बोर्डात घुसतो. खालचं झाकण त्यानं जुन्या एटीएम कार्डासारख्या प्लास्टिकच्या तुकड्यानं सोडवलं. स्क्रू ड्रायव्हर कडेला लावलाच नाही. सगळ्यात आधी बॅटरीची पिन बोर्डातून काढली.

आत तीन चपट्या चंदेरी पिशव्या, म्हणजे तेच तीन सेल. नुसत्या नजरेला मला त्या सारख्याच वाटल्या. त्यानं स्टीलची पट्टी तिन्हींवर आडवी ठेवली. पट्टी मधल्या पिशवीवर टेकली आणि दोन्ही बाजूंना फट राहिली, इतकी की त्यातून टेबलावरचा दिवा दिसत होता. "गॅस धरलाय," तो म्हणाला. द्रावणाचं विघटन झालं की वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. ती टोचून हवा काढावी असं काहींना वाटतं; तसं अजिबात करू नये. आतलं द्रावण ज्वलनशील असतं, आणि टोचताना आतले थर एकमेकांना टेकले तर तिथल्या तिथे पेट घेतं. त्यानं बॅटरी न वाकवता सोडवली, तिच्या पिनेवर चिकटपट्टी लावली आणि दाराबाहेर ठेवलेल्या कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. डब्यात आधीच फोनच्या फुगलेल्या बॅटऱ्या होत्या.

फुगण्याच्या खुणा ओळखायला शिका, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. टचपॅड कडक होणं किंवा वर येणं, लॅपटॉप सपाट टेबलावर डुलणं, झाकण नीट न मिटणं, कडेची फट वाढणं. यातलं काही दिसलं तर टक्केवारी बघत बसायचं नाही. चार्जिंग थांबवायचं आणि लॅपटॉप नेऊन दाखवायचा.

नवी बॅटरी घेताना दुरुस्तीवाल्यानं घाई केली नाही, मीही केली नाही. जुन्या बॅटरीच्या लेबलवरचा पार्ट नंबर, ११.४ व्होल्ट आणि ४२ वॉट-तास हे तीन आकडे मी लिहून घेतले. लॅपटॉपचं मॉडेल सांगून बॅटरी मागवली तर कधी कधी दुसऱ्याच आकाराची येते. पार्ट नंबरानं मागवली तर गफलत होत नाही. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि त्याखाली आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. आणि उत्पादनाची तारीख. हे बहुतेक जण बघत नाहीत. बॅटरी दुकानाच्या फळीवर बसूनही म्हातारी होते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची 'नवी' बॅटरी नवी नसते. मी आधी मागवलेल्या स्वस्त बॅटरीवर तारीखच नव्हती, ती परत पाठवली. कंपनीच्या सेवा केंद्रातून मागवलेलीला जास्त पैसे पडले आणि थांबावंही लागलं, पण ती चार महिन्यांपूर्वीची निघाली.

बसवल्यावर लगेच रिपोर्ट काढला. डिझाइन कपॅसिटी ४२,००० आणि फुल चार्ज त्याच्या जवळपास, सायकल काउंट शून्य. दुकानातच हे बघून घ्यावं. घरी येऊन शंका आली तर वाद वाढतो.

आता झेरॉक्सवाल्याचा प्रश्न राहिला होता. १०० झाल्यावर पिन लावून ठेवली तर बॅटरीत वीज जात राहते का? भाच्याकडे भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर होता. तो आधी भिंतीत, त्यात अडॅप्टर, त्याला लॅपटॉप. स्क्रीन चालू, बाकी काही उघडलेलं नाही. बॅटरी २० टक्क्यांवर असताना मीटर ४५ ते ५० वॉटच्या मध्ये खेळत होता. बराच वेळ आकडा हललाच नाही. हा पहिला टप्पा, ज्यात चार्जिंग सर्किट ठरावीक करंट देत राहतं आणि सेलचा व्होल्टेज हळूहळू चढतो. ८० च्या जवळ गेल्यावर आकडा उतरायला लागला: ३८, मग ३०, मग २२. हा दुसरा टप्पा. व्होल्टेज कमाल मर्यादेला पोचलेला असतो, तो तिथेच धरून ठेवतात आणि करंट आपोआप कमी होत जातो. म्हणून पहिले ८० टक्के झपाट्यानं भरतात आणि शेवटचे २० रेंगाळतात. लोकांना वाटतं चार्जर बिघडलाय. तो नेमकं करायला हवं तेच करत असतो.

१०० झाले आणि थोड्या वेळानं मीटर ११ वॉटवर येऊन थांबला. तेवढी वीज स्क्रीन, प्रोसेसर आणि अडॅप्टरच्या स्वतःच्या तोट्याला लागते. बॅटरीकडे काही जात नव्हतं. "बघा मामा, लॅपटॉप अडॅप्टरवरच चाललाय आता, बॅटरीला हात नाही," भाचा म्हणाला. पुढे बॅटरी आपोआप थोडी उतरली की सर्किट पुन्हा थोडं भरतं, एवढंच. म्हणजे ओव्हरचार्जची भीती निराधार. सर्किट ते होऊच देत नाही. पण रात्रभर लावून ठेवल्यानं काहीच होत नाही हेही पुरतं खरं नाही, कारण बॅटरी त्या सगळ्या वेळात भरल्या अवस्थेत, जास्त व्होल्टेजवर बसून राहते. नुकसान वीज जास्त गेल्यानं होत नाही, भरलेलं राहिल्यानं होतं. हा फरक मला त्या मीटरसमोर बसून नीट कळला.

आणि सीए मित्राचा शून्यावर उतरवण्याचा सल्ला? तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. त्या बॅटऱ्या अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरल्या तर त्यांची क्षमता कमी झाल्यासारखी वागायची. लिथियम-आयनला तो त्रास नाही, उलट वारंवार पार तळाशी नेलं तर ती लवकर थकते. वीस-पंचवीसला आली की लावावी. फक्त टक्क्यांचा मेळ बसवायला दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण भरून, मग जवळजवळ संपेपर्यंत वापरून, पुन्हा भरणं योग्य. ते चिपच्या हिशेबासाठी करायचं असतं, बॅटरीच्या तब्येतीसाठी नव्हे. मी ते तिमाहीच्या शेवटी, रिटर्नची गडबड संपली की करतो.

टेबलावरून न हलणाऱ्या लॅपटॉपसाठी खरा उपाय चार्जिंगची मर्यादा हा आहे. पिन लावून ठेवायची, पण बॅटरी ८० च्या आसपास थांबवायची. ही सोय बहुतेक कंपन्या देतात, फक्त नावं वेगवेगळी. लेनोव्होच्या व्हॅन्टेज ॲपमध्ये कॉन्झर्वेशन मोड, आसुसच्या मायआसुसमध्ये बॅटरी केअर किंवा बॅटरी हेल्थ चार्जिंग, डेलमध्ये 'प्रायमरिली एसी यूज', एचपीच्या ऑफिससाठीच्या बऱ्याच मॉडेलांत थेट बायोसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर. मॅकबुकमध्ये ऑप्टिमाइझ्ड चार्जिंग असतं, ते तुमच्या सवयी बघून ८० च्या पुढचं भरणं लांबवतं. माझ्या बॅटरीचे सेल पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.३५ व्होल्टपर्यंत जातात. ८० वर थांबले की ४.१ च्या आसपास राहतात. पाव व्होल्टचा फरक दिसायला नगण्य, पण वर्षानुवर्षं त्या अवस्थेत बसायचं तर तोच मोठा ठरतो.

हे बटण कंपन्यांनी इतकं आत का लपवलंय ते मला पटत नाही. लॅपटॉप विकताना रॅम किती, एसएसडी किती हे सगळं सांगतात. ऑफिसात वापरणार म्हटल्यावर ही एक मर्यादा लावून दिली तर गिऱ्हाइकाची बॅटरी किती तरी जास्त टिकेल. दुकानदारानं बिल फाडतानाच करावं असं हे काम आहे.

उष्णतेचं काय केलं ते सांगतो, कारण आमच्या ऑफिसात तीच खरी शत्रू होती. मे महिन्यात दुपारी टेबलावरचं थर्मामीटर ३८ दाखवत होतं, आणि लॅपटॉपच्या पोटात त्याहून जास्त असणार हे उघड आहे. पहिल्यांदा टेबल पश्चिमेच्या खिडकीपासून हलवून पूर्वेच्या भिंतीला नेलं. लॅपटॉपखाली जाळीचा स्टँड ठेवला, म्हणजे खालून हवा खेळते. घरमालकांना विचारून पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग मारून घेतला. तो खर्च बॅटरीसाठी केला नाही, माणसांसाठी केला, पण फायदा दोघांना झाला. उशी, गादी, ब्लँकेट यांवर लॅपटॉप ठेवून काम केलं की खालच्या हवेच्या फटी बुजतात, हे घरी मुलांना सारखं सांगावं लागतं. पंख्याच्या जाळीतली धूळ दुरुस्तीवाल्यानं ब्लोअरनं काढली. ती थर धरून बसली होती.

एक जागा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही: बॅग. इचलकरंजीला एका सूत व्यापाऱ्याकडे जायचं होतं. लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला, गाडीवर निघालो. तिथे पोचून काढला तर खालची बाजू हाताला चटका बसेल इतकी तापलेली. नुसतं मिटलं की हल्लीचे बरेच लॅपटॉप पूर्ण झोपत नाहीत. आतल्या आत अपडेट, मेल वगैरे सुरू राहतं, आणि बंद बॅगेत उष्णता जायला जागा नसते. आता बॅगेत घालण्याआधी शटडाउन किंवा हायबरनेट, आणि दिवा विझलाय हे बघूनच चेन लावतो. उन्हात उभ्या केलेल्या चारचाकीत लॅपटॉप ठेवणं तर पूर्णपणे बंद.

अडॅप्टरबद्दल थोडक्यात. माझा टाइप-सी आहे, २० व्होल्ट, ३.२५ अँपियर, म्हणजे ६५ वॉट. फोनचा कमी वॉटचा चार्जर लावला तर तो लॅपटॉपशी बोलणी करून जेवढं देता येईल तेवढं देतो किंवा देतच नाही. नुकसान होत नाही, पण जड काम सुरू असेल तर पिन लावलेली असूनही टक्के उतरतात. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे व्होल्टेज कमी-जास्त झाल्याची त्याला फारशी फिकीर नसते. वळवाच्या विजांची मात्र आहे. गडगडाट सुरू झाला की मी प्लग भिंतीतून काढतो, बटण बंद करण्यावर भागवत नाही.

पावसाळ्यात माझा नियम उलटा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा चढायला लागली की सगळ्या कोल्हापूरचे डोळे राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे लागतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराच्या कितीतरी भागांत वीज बंद ठेवावी लागली होती. त्यामुळे पातळी ३९ कडे सरकायला लागली की मी ८० ची मर्यादा काढून टाकतो आणि ऑफिसातले सगळे लॅपटॉप १०० पर्यंत भरून घेतो. पाणी उतरलं की पुन्हा मर्यादा. बॅटरी शेवटी गरजेच्या वेळी वापरायलाच असते. वर्षातले काही दिवस पूर्ण भरल्यानं ती खराब होत नाही. बारा महिने भरून ठेवल्यानं होते. ३१ जुलैच्या रिटर्नच्या तोंडावर वीज गेली तेव्हा याच नव्या बॅटरीवर दोन क्लायंटची रिटर्न फोनच्या हॉटस्पॉटवरून गेली.

आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, फक्त मार्च अखेरीला लागतो. तो कपाटात ठेवायचा तर भरूनही नाही आणि रिकामाही नाही, साधारण ५० टक्क्यांवर, बंद करून, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर न ठेवता खालच्या थंड खणात. रिकामा ठेवला तर पडून पडून आणखी उतरतो आणि एका मर्यादेखाली गेला की संरक्षक सर्किट त्याला पुन्हा चार्जच होऊ देत नाही. मध्ये एकदा काढून टक्के बघतो, लागले तर थोडे भरतो.

फुगलेल्या बॅटरीचं पुढे काय झालं हेही विचारलं होतं. दुरुस्तीवाल्यानं ती ई-कचरा उचलणाऱ्या नोंदणीकृत माणसाला दिली. कचऱ्याच्या गाडीत टाकली तर गाडीच्या दाबयंत्रात ती चिरडून पेटू शकते, आणि भंगारात गेली तर कुणीतरी हातोड्यानं फोडायला बसतो. केंद्र सरकारचे २०२२ चे बॅटरी कचरा नियम आहेत, त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून नवी घेताना जुनी परत घेता का, हे विचारायला अजिबात संकोच करू नये.

नवी बॅटरी घालून आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला. गेल्या तिमाहीच्या रिपोर्टमध्ये ४२,००० पैकी ४१,१०० शिल्लक दिसले. या सगळ्या रिपोर्टच्या फाइली मी रिटर्नच्याच फोल्डरमध्ये, तारीख घालून ठेवतो. ऑफिसातल्या मुलीच्या लॅपटॉपला मर्यादेची सोय ॲपमध्ये सापडत नव्हती, बायोस अपडेट केल्यावर ती दिसली. परवा तिलाही लावून दिली, आणि तिच्या पहिल्या रिपोर्टचे आकडे फोल्डरमध्ये टाकले.